कोरड्या हवेतल्या चकत्या

नागपूर, ३ एप्रिल १९७९

चि. गोपिका,

तुझा डबा पोचला. पोस्टात चेपला होता, पण आतल्या चकत्या शाबूत आहेत. शर्टाच्या बटणाएवढ्या, दुधाच्या रंगाच्या. याच प्लास्टिकची वाटी करून माणसाच्या खुब्यात बसवणार, हे त्या तळहातावर घेतल्यावर खरं वाटत नाही.

मावशीने उमरेडहून तुझ्या फोटोचं कात्रण पाठवलं आहे. कापसाच्या भावांशेजारी छापलाय. मागे पेन्सिलीने लिहिलंय, ‘यमू, तुह्याच घरी राहून शिकली ना वं ते.’ तुझ्या प्लास्टिकची ती बातमी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा कशासाठी, ते तुझ्यापासून लपवत नाही. त्यात माझं नाव कुठे आहे का ते बघायला.

कामाचं. तुला शिकवायला नको, पण मी काय समजून करते आहे ते एकदा कागदावर असू दे. पांढऱ्या उंदरांच्या पोटातल्या भक्षक पेशी काढायच्या, काचेच्या ताटलीत जगवायच्या आणि त्यांच्यात तुझी चकती ठेवायची. पेशी येतात, चाचपतात. जे गिळता येतं ते गिळतात. जे गिळवत नाही आणि खपतही नाही, त्याच्याभोवती त्या एकमेकींत मिसळून एकच महाकाय पेशी होते. महाकाय पेशी जितक्या जास्त, तितकं ते प्लास्टिक शरीराला नकोसं. तुलनेसाठी शेजारच्या ताटल्यांत साध्या काचेच्या चकत्या ठेवीन.

जुलैच्या बैठकीत तुमचा आणि आमचा निकाल जुळला तरच प्लास्टिक माणसांत वापरायची परवानगी मिळेल आणि तुझी जागा पक्की होईल. नाहीतर सप्टेंबरअखेर तुझी नेमणूक संपेल. हे मला तुझ्या संचालकांच्या पत्रातून कळलं. तू लिहिलं असतंस तर बरं वाटलं असतं.

तुझी,
यमुताई


मुंबई, ११ एप्रिल १९७९

यमुताई,

काहून वं, रागावली का? जागेचं मुद्दाम नाही लिहिलं. लिहिलं असतं तर तूच म्हणाली असतीस, ‘गोपी दडपण आणून राहिली.’

बातमीतल्या नावाचं म्हणशील तर त्या पोरसवदा वार्ताहराने माझंही नाव ‘गोपीबाई’ छापलंय. इथे सगळे तेच म्हणून चिडवतात. आमच्या लेखात आभाराच्या ओळीत तुझं नाव नक्की घालणार आहे, काळजी करू नकोस.

आता इथे गाळलेली थंड हवा सोडणारं कपाट आलं आहे. त्याच्यासमोर काम करताना भर दुपारी स्वेटर चढवावा लागतो. तुझी ती सुताराने केलेली काचेची पेटी आणि आतला स्पिरिटचा दिवा आठवला. त्या पेटीतही तू पेशी जगवतेस, हे मी इथल्या लोकांना सांगते तर कोणाला पटत नाही.

माझ्या ताटल्यांत महाकाय पेशी जवळपास नाहीतच. काचेइतक्याच. तुझ्याकडेही तेच येईल. तरी नीट बघ.

केशवरावांना नमस्कार.

गोपी


नागपूर, १४ मे १९७९

चि. गोपिका,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

माझ्याकडे तेच आलेलं नाही.

काचेच्या चकत्यांवर महाकाय पेशी तुरळक आहेत. तुझ्या प्लास्टिकवर गर्दी आहे. काही पेशी इतक्या मोठ्या की भिंगाखाली एका नजरेत मावत नाहीत. आतली केंद्रकं कडेने कोंडाळं करून बसलेली.

पहिली ताटली पाहिली तेव्हा मला काय वाटलं, ते त्याच दिवशी रोजनिशीत लिहिलं. तेच इथे उतरवते. ‘आज गोपीचं प्लास्टिक पाहिलं. वाईट आहे. बरं वाटलं.’ मग ते शेवटचे दोन शब्द बराच वेळ बघत बसले. ज्या माणसाला असं बरं वाटतं त्याने मोजलेल्या पेशींवर विश्वास कोण ठेवील? मी तरी ठेवला नसता.

म्हणून दुसऱ्या वेळी सगळं नव्याने केलं. आमच्या विभागातल्या सिंधूताईंना स्लाइडवरची नावं झाकून नुसते आकडे घालायला सांगितले. कोणती काचेची, कोणती तुझी, हे त्यांनाच ठाऊक. मी मोजत असताना त्या शेजारी बसून स्वेटर विणत होत्या. म्हणाल्या, “बाई, तुमी डोळे फोडून राहिल्या, पन मी नाई सांगनार. मले माईत हाये आन् माह्याच पोटात राहीन.” मोजणी संपल्यावर नावं उघडली. फरक तेवढाच निघाला. म्हणजे माझ्या डोळ्यांनी काही केलेलं नाही.

कामात ढिलाई नाही. चकती ताटलीत सोडण्याआधी प्रत्येक वेळी निर्जंतुक मलमलीने कोरडी पुसून लख्ख करते. धूळ उडू नये म्हणून पेटीपाशी बसले की कूलर आणि पंखा दोन्ही बंद. बाहेर ऊन कसं आहे ते तुला सांगायला नको. अंगभर घामोळ्या आल्या आहेत.

हे काल जेवताना म्हणाले, “तुझ्या पेशींचं आणि तुझ्या बहिणीच्या प्लास्टिकचं भांडण लागलं का वं?” मी हसले नाही. तिसऱ्यांदा करते आहे. तेही असंच आलं तर अहवालात तसंच लिहावं लागेल.

यमुताई


मुंबई, २१ मे १९७९

ताई,

तुझं पत्र मी आधी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

‘बरं वाटलं’ हे लिहून पाठवायची काय गरज होती? तुला वाटलं, कबूल केलं की धुतलं गेलं? तुझी ही जुनी सवय आहे. मनातलं खरकटं दुसऱ्याच्या ताटात टाकायचं आणि आपण हात धुऊन मोकळं व्हायचं.

नावं झाकून मोजलंस, ठीक. पण सुताराच्या पेटीत, बंद पंख्याखाली, घाम निथळत केलेल्या कामावर माझी नोकरी अवलंबून आहे, हे मला आता कळतंय. माझ्याकडे तीच चकती, तशाच उंदरांच्या पेशी, आणि महाकाय पेशी जवळपास नाहीत. मग दोघींपैकी कोणाचं चुकतंय? तू म्हणशील, गोपीचं.

तू जळतेस, ताई. फोटो आला तेव्हापासून नाही. विलायतेला जायची शिष्यवृत्ती मला मिळाली तेव्हापासून. स्टेशनवर मला पोचवायला आलीस आणि गाडी हलेपर्यंत फक्त उंदरांच्या खाण्याबद्दल बोलत राहिलीस.

तुझ्या स्लाइडा आणि उरलेल्या चकत्या रजिस्टरने पाठव. मला स्वतःला बघायच्या आहेत.

गोपिका


नागपूर, २६ मे १९७९

डॉ. गोपिका यांस,

आपल्या मागणीप्रमाणे तिन्ही वेळच्या स्लाइडा आणि उरलेल्या चकत्या कापसात गुंडाळून, त्याच चेपलेल्या डब्यात भरून आज रजिस्टरने पाठवल्या आहेत. तिसऱ्या वेळचा निकाल पहिल्या दोन वेळांसारखाच आहे.

उंदरांच्या खाण्याबद्दल बोलत होते, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते. तुझ्यासाठी नव्हे. ते तू बरोबर ओळखलंस.

यमुना


मुंबई, ४ जून १९७९

ताई,

आता शांतपणे लिहिते. तूही शांतपणे वाच.

तुझ्या स्लाइडा ध्रुवित प्रकाशात बघितल्या. तसं बघायची सोय तुमच्याकडे नाही, मला माहीत आहे. या प्रकाशात बाकी सगळं काळं दिसतं आणि स्फटिकासारखे कण तेवढे चमकतात. तुझ्या एकेका महाकाय पेशीच्या पोटात असे चमकणारे कण आहेत. प्लास्टिकचा चुराही असाच चमकतो. वाटलं, झालं. माझं प्लास्टिक झिजतंय, आणि पेशी त्याचाच चुरा खाताहेत. ते तुला दिसलं, मला दिसलं नाही. तुझं खरं निघालं असं मला पाच मिनिटं वाटलं, आणि त्या पाच मिनिटांत मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तुझ्याइतकी मी खरी नाही.

मग उरलेल्या चकत्या काढायला डबा उघडला. कापसाला चंदनाचा वास होता.

घामोळ्यांची पावडर, ताई! तुमच्या मोरीच्या खिडकीत उन्हाळाभर असायचा तो हिरवा डबा. मी कॉलेजात असताना तू माझ्या पाठीला थापायचीस, तीच. त्या वासाने मी क्षणभर तुमच्या घरात जाऊन आले.

तू अजूनही रबरी हातमोजे धुऊन धुऊन वापरतेस ना? आणि घामेजल्या हातांवर ते चढत नाहीत म्हणून आधी पावडर लावतेस ना? ती पावडर म्हणजे दगडाचाच पीठ केलेला चुरा. पेशींना तो खाता येत नाही. खात्री करायला ते चमकणारे कण तापवून बघितले. प्लास्टिक असतं तर वितळलं असतं. वितळले नाहीत.

तेव्हा तुझी मोजणी बरोबर आहे. पण पेशी माझ्या प्लास्टिकवर नाही, तुझ्या पावडरीवर चिडल्या आहेत. हातमोज्यांशिवाय, धुतलेल्या चिमट्याने एकदा करून बघ आणि तेवढाच निकाल पाठव. मेचं काढून टाक. कोणाला कळायचं कारण नाही. मीही कोणाला सांगणार नाही, शपथ.

गोपी


नागपूर, १२ जून १९७९

चि. गोपी,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल? मोरीत जाऊन तो डबा उचलला आणि फेकणार होते. फेकला नाही. विचार आला, पावडर माझ्या हातांना होती तर ती काचेच्या चकत्यांवरही गेली असणार. मग तिथे महाकाय पेशी का नाहीत? माझे हात काय काच आणि प्लास्टिक ओळखतात?

लाज वाटत होती म्हणूनही असेल, पण हा प्रश्न मला सोडवेना.

शेवटी टेबलावर काळा कागद पसरला आणि त्यावर पावडर भुरभुरली. तुझ्या चार-पाच चकत्या माझ्याकडे राहिल्या होत्या. त्यांतली एक नेहमीसारखी मलमलीने कोरडी पुसली आणि कागदावर धरली. गोपी, पावडर उडाली! कागदावरून उठून चकतीला चिकटली. काचेची चकती तशीच पुसून धरली, तर काही नाही. इथल्या कोरड्या हवेत केस विंचरताना कंगव्याला चिकटतात, तसंच. प्लास्टिक घासलं की त्याच्यात वीज भरते आणि कोरड्या हवेत ती निघून जायला वाट मिळत नाही. मग ओल्या कपड्याने पुसून पाहिलं. पावडर जागची हलली नाही. तुमच्या दमट हवेत तुला हे कधी दिसलंच नसतं.

म्हणजे चकती मी जितकी लख्ख पुसत होते तितकी पावडर ओढून घेत होते. सिंधूताईंनी माझे डोळे झाकले, पण चूक हातांची होती. आणि हातांनी ती काळजीपोटीच केली. हे कळल्यावर मला बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

आता मुख्य. मे काढून टाक म्हणतेस. मला ते जमणार नाही. प्रामाणिकपणाचा तोरा म्हणून नव्हे. काल आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या कांताबाईंना विचारलं, तुमच्याकडे हातमोज्यांना पावडर लावतात का? त्या हसायला लागल्या. “अवं बाई, त्याच्याबिगर हात जाते का मंदी?” आणि खुब्याची वाटी बसवण्याआधी काय करता? “डॉक्टरसायेब गॉजनं चांगली कोरडी करते, मंग बसवते.”

तुझी वाटी इथे मे महिन्यात कोणाच्या खुब्यात बसली, तर ती पावडरीसकट बसेल. तिथे ती पेशींशी किती वर्षं भांडत बसेल, ते मला माहीत नाही. तुलाही नाही. म्हणून अहवालात मेचा निकाल जाईल, पावडरही जाईल, आणि शेवटी शिफारस जाईल: प्लास्टिक चांगलं, पण कोरडं पुसू नये, आणि धुतलेल्या मोज्यांनी ओलंच हाताळावं. चिमट्याने चौथ्यांदा केलं आहे. त्यात तुझं प्लास्टिक काचेइतकंच निर्मळ आहे. तेही त्याच अहवालात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहीन.

यमुताई


मुंबई, १९ जुलै १९७९

ताई,

बैठक झाली. तुझा अहवाल त्यांनी मोठ्याने वाचला. मला वाटलं होतं, पावडरीच्या भागाला लोक हसतील. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या शल्यचिकित्सकांनी विचारलं, ‘ही नागपूरची बाई कोण?’

प्लास्टिक नापास नाही. पासही नाही. ओल्या हाताळणीने पुन्हा चाचण्या करायच्या आणि मग ठरवायचं. माझी मुदत सहा महिन्यांनी वाढवली. पक्की नाही केली. तू मे काढून टाकला असतास तर त्या दिवशी झाली असती. पावडर तुझी, आणि सहा महिने माझे गेले.

आता जे लिहिते ते रागाने लिहीत नाही, हे लक्षात घे. दुसऱ्या प्रयोगशाळेचं नाव संचालकांनी मलाच सुचवायला सांगितलं होतं. मी तुझं दिलं. ते म्हणाले, ‘अहो, मावसबहीण आहे. डोळे मिटून पास करील.’ मी म्हटलं, ‘तुम्ही तिला ओळखत नाही. ती माझ्यावर जळते. दोष असेल तर तीच शोधून काढील.’ ते हसले आणि सही केली. तेव्हा मी फार हुशारीने बोलले असं मला वाटलं होतं.

पण शोधून काढशील ते असलं काही, असं वाटलं नव्हतं. विलायतेत हिवाळ्यात बंद गरम खोल्यांमध्ये दाराच्या मुठीला हात लावला की मला झटका बसायचा. रोज. चार वर्षं. आणि प्लास्टिकच्या चकतीत वीज भरते हे मला सुचू नये, आणि तुला मोरीतल्या डब्यावरून सुचावं! परवापासून जेवण गोड लागत नाही. प्रयोगशाळेतल्या मुली विचारतात, ‘गोपीबाई, काय झालं?’ काय सांगू?

संचालक म्हणताहेत, ते विजेचं आणि पावडरीचं आपल्या लेखात घ्या, स्वतंत्र भाग करून. तू परवानगी दे. या वेळी नाव आभारात नाही, लेखकांत घालू. माझ्यानंतर.

गोपिका


नागपूर, २ ऑगस्ट १९७९

चि. गोपी,

‘तुझी मुदत वाढली, वाचून आनंद झाला’ असं वर लिहून खोडलं होतं. खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील, म्हणून हा नवा कागद घेतला आणि खरं काय ते लिहिते. आनंद झाला नाही, हायसं वाटलं. तुझी जागा गेली असती तर ती माझ्या पावडरीमुळे गेली की माझ्या मनामुळे, हे मला जन्मभर ठरवता आलं नसतं. सहा महिने गेले म्हणतेस ते खरं आहे, आणि ते मी परत देऊ शकत नाही. ओल्या हाताळणीच्या पुढच्या चाचण्या इथे लागतील तेवढ्या करीन. ते काम तुझं. त्याला माझं नाव नको.

परवानगी मात्र देत नाही.

तुझ्या नावामागे माझं नाव, यावर मी तीन दिवस विचार केला. पहिल्या दिवशी वाटलं, मोठ्या मनाने हो म्हणावं. दुसऱ्या दिवशी वाटलं, नाही म्हणण्यात हेवा आहे. तिसऱ्या दिवशी दमट हवेत तीच चकती तीच मलमल घेऊन घासली आणि पावडरीवर धरली. एक कण हलला नाही. ते बघताना मला तुझी आठवणही झाली नाही. कागद, पावडर, चकती आणि मी, एवढंच होतं. मग ठरवलं, हे माझं आहे.

सोबत चार पानं आहेत. ‘कोरड्या हवेत प्लास्टिकवर जमणारी पावडर आणि भक्षक पेशी.’ माझा पहिला लेख. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिला लेख लिहिणाऱ्या बाईला त्याच्याबद्दल काय वाटतं, ते तुला कळणार नाही आणि तुला कळावं असंही मला वाटत नाही. ह्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, “फार छान.” सिंधूताई म्हणाल्या, “बाई, मस्तच.” विभागप्रमुखांनी न वाचता सही केली.

मासिकाकडे पाठवण्याआधी तो दुसऱ्या प्रयोगशाळेत करून बघायला हवा. तुमच्या त्या थंड कपाटात हवा कोरडी करता येते का ते बघ. चकती घास, पावडर धर, पेशींना दे. मी काचेला वीज लागत नाही असं लिहिलं आहे. तिथे मला स्वतःलाच शंका आहे. काचेवरही थोडी चढत असेल आणि मला दिसली नसेल. तिथून सुरुवात कर. आकडे कच्चे असतील तर तसं लिही, आणि सगळंच चुकलं असेल तर तेही लिही. तुझी पाच मिनिटं माझ्यावर खर्च झाली होती. आता वाटलं तर महिना घाल.

मद्रासला एक चांगली प्रयोगशाळा आहे, हैदराबादला एक आहे, दोन्हीकडची माणसं सज्जन आहेत. तिथे पाठवणार नाही. माझा हेवा करणारं माणूस मला तुझ्याशिवाय दुसरं मिळालेलं नाही.

यमुताई